वळसंगचं बी

पहिलं फळ रंगायला लागलं तेव्हाच मला वाटलं, इथं काहीतरी गडबड आहे. गच्चीच्या कोपऱ्यातल्या कुंडीत ते लोंबत होतं. कोंबडीच्या अंड्यासारखं लांबट, गुळगुळीत, कुठं एक वळी नाही की रेघ नाही. मंडईत पाटीत रचून ठेवतात तसलं. मी ते झाडावरच फिरवून पाहिलं, देठाशी पाहिलं, बुडाशी पाहिलं. मग बाकीच्या कुंड्यांतली हिरवी फळं पाहिली. तीही तसलीच.

मी लावले होते वळसंगचे गावरान टोमॅटो. तो टोमॅटो असा नसतो. तो चपटा असतो, लाल भोपळ्यासारख्या फाका पडलेला, पिकला तरी देठाभोवती हिरवा राहणारा. साल इतकी पातळ की पिशवीतून घरी आणेपर्यंत एखादा फुटणारच. दोन दिवस टिकत नाही, म्हणून बाजारात कुणी आणत नाही. आंबट म्हणजे कसा, तर पहिल्या घासाला डोळा मिटावा असा.

माझ्या सासूबाई तो वळसंगच्या घरामागं न्हाणीच्या सांडपाण्यावर लावायच्या. मी कुर्डुवाडीची. वडील रेल्वेच्या कारखान्यात होते, आमच्याकडे टोमॅटो म्हणजे बाजारातून येणारी वस्तू. लग्नानंतर पहिल्यांदा वळसंगला गेले तेव्हा ताटात त्या टोमॅटोची चटणी होती. तव्यावर टोमॅटो, लसूण आणि मिरची भाजून तिथंच तांब्याच्या बुडानं रगडलेली, वर शेंगदाण्याचं कूट. नवी सून म्हणून कमी जेवायचं असं आईनं बजावलं होतं. मी तिसरी भाकरी घेतली आणि सासूबाई पदराआड हसल्या.

सासूबाई बी असं धरायच्या: एक चांगलं फळ झाडावरच अगदी मऊ होईपर्यंत ठेवायचं, मग त्याचा गर जुन्या लुगड्याच्या धडप्यावर माखायचा, सावलीत वाळवायचा आणि धडप्याची गुंडाळी करून डाळीच्या डब्यात ठेवायची. पेरताना धडपा मातीवर अंथरून वरून माती भुरभुरवायची. त्या गेल्यावर तो डबा आणि त्यातली गुंडाळी माझ्या थोरल्या जाऊबाईंकडे राहिली. त्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती. त्या गावात राहतात, शेती त्या बघतात, आम्ही सोलापुरात नोकऱ्या केल्या.

मी जाऊबाईंना अक्का म्हणते; त्या सासूबाईंना आत्ती म्हणायच्या. त्यांचं माहेर दुधनी, तिकडं घरात कन्नडच बोलतात. आमच्याशी त्या मराठी बोलतात, बहिणीशी फोनवर कन्नड. मला कन्नड येत नाही. इतकी वर्षं झाली, तरी त्या कन्नडमध्ये बोलून हसल्या की माझे कान टवकारतात. घरचे म्हणतात, संशय घेणं हा हिचा स्वभाव. मी शाळेत गणित शिकवत होते. दोन वह्यांत एकच चूक सापडली की कुणी कुणाचं उतरवलं हे शोधण्यात माझी सगळी नोकरी गेली. तेव्हा स्वभाव म्हणा नाहीतर सवय म्हणा.

निवृत्त झाल्यावर मी गच्चीवर बाग केली आणि अक्कांकडे ते बी मागितलं. एकदा मागितलं, त्या म्हणाल्या, “देते की.” पुन्हा मागितलं, पुन्हा “देते की.” शेवटी गौरींसाठी वळसंगला गेलो तेव्हा निघताना मी चप्पल न घालता दारातच उभी राहिले. तेव्हा अक्का आतल्या खोलीत गेल्या. दार लोटून घेतलं. बराच वेळ झाला, बाहेर यांनी गाडी सुरू केली होती. मग त्या आल्या आणि माझ्या मुठीत कापडाची एक लहानशी पट्टी कोंबली.

“नीट कर गं,” म्हणाल्या. “लई जपलंय.”

दार का लोटलं, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. तो पडला चार महिन्यांनी, अंड्यासारखं ते फळ हातात धरून उभी असताना.

मधे काय झालं तेही सांगते. पट्टी मी एका पसरट कुंडीत पेरली. रोपं आली, अगदी दाट आली. मी ती पातळ केली आणि बोटभर झाल्यावर एकेका कुंडीत लावली. तेवढ्यात पुण्याहून मुलीचा फोन आला, नातीला डेंग्यू झाला होता. मी मिळेल त्या गाडीनं गेले आणि नात हिंडूफिरू लागेपर्यंत तिकडंच राहिले. रोपं यांच्यावर सोपवली. आमच्या भागात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, पिंपं भरून ठेवावी लागतात, ते सगळं मी समजावून सांगितलं होतं. तिकडून रोज फोनवर विचारायची, “रोपं कशी आहेत?” हे म्हणायचे, “झकास.”

परत आले तर खरंच झकास होती. जाडजूड खोडं, सगळी एका उंचीची, पानं गडद. मी यांची पाठ थोपटली. हे लगेच खाली चहा करायला गेले, हेही मला तेव्हा कौतुकाचंच वाटलं. फुलं लागल्यावर मी अक्कांना फोन करून सांगितलं. त्या “बरं झालं की” म्हणाल्या आणि लगेच तिकडं कुणाशीतरी कन्नडमध्ये काहीतरी बोलल्या. बाकीचं कळलं नाही, पण त्यातला “हुच्ची” हा शब्द मी पकडला. वेडी बाई. सोलापुरात राहणाऱ्या माणसाला एवढं कन्नड येतंच. पाठोपाठ दोघींचं हसणं ऐकू आलं.

तर अशी मी त्या फळापाशी उभी, आणि एकेक गोष्ट जुळत गेली. दोनदा टाळाटाळ. लोटलेलं दार. लागलेला वेळ. हुच्ची. अक्कांनी मला बाजारातल्या टोमॅटोचं बी काढून धडप्याला चिकटवून दिलं होतं. सासूबाईंचं बी त्यांना स्वतःकडेच ठेवायचं होतं. दुसरं काय असणार?

मी यांना गच्चीवर बोलावलं.

“हे बघा.”

“छान लागलेत की,” हे म्हणाले.

“छान? हा गावरान आहे का?”

यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “शहरातली माती. पाणी पण बोअरचं मिसळलेलं. फरक पडतो.”

“मातीनं टोमॅटोच्या फाका जातात होय? अक्कांनी बी बदललं.”

“छे छे! वहिनी असं कधीच करणार नाहीत.”

ज्या जोरानं ते म्हणाले त्याचंच मला नवल वाटलं. हे कुठल्याच गोष्टीत एवढे ठाम नसतात. भाजी कुठली आणू विचारलं तरी “बघू” म्हणतात. मला वाटलं, यांना आधीपासून ठाऊक असणार. दीर-भावजयीचं यावर बोलणं झालं असणार. त्या दिवशी जेवताना यांनी त्या टोमॅटोची कोशिंबीर दोनदा घेतली आणि चवीची इतकी तारीफ केली की मी पानातली वाटी बाजूला सारली.

पुढच्या आठवड्यात मी अक्कांना फोन केला. सरळ विचारायचं नाही असं ठरवलं होतं. आधी पिकाची चौकशी केली, गुडघ्याची केली, मग म्हटलं, “अक्का, ते बी नक्की कुठल्या वर्षीचं होतं?”

“का गं?”

“नाही, फळं जरा वेगळी आलीत.”

“येगळी म्हंजे?”

“लांबट.”

मग त्या म्हणाल्या, “फोटू धाड.”

मी फोटो पाठवला. लगेच उलट फोन आला.

“ह्ये माजं बी न्हाय.”

“तुम्ही दिलं तेच पेरलंय मी.”

“मी दिलं त्याला असलं फळ येत न्हाय. माजं बी कुटं गेलं त्ये तू सांग.”

“म्हणजे काय, मी खाल्लं?”

“कुनाला दिलंस का? कुर्डुवाडीला भनीला दिलंस आन् मला ह्ये दावतीस?”

मी फोन ठेवून दिला. चोर ती आणि उलट मलाच विचारतेय, असं मला वाटत होतं. हे दारात उभे होते. मी म्हटलं, “ऐकलंत?” हे म्हणाले, “जाऊ दे ना, एका टोमॅटोवरून.” आणि पाय न वाजवता पुढच्या खोलीत गेले.

दरवर्षी जानेवारीत ज्वारी हुरड्यात आली की वळसंगहून फोन येतो. आम्ही जातो, शेतात आगटी पेटवलेली असते, अक्का गरम कणसं तळहातावर चोळून दाणे आमच्या हातावर देतात. त्या वर्षी फोन आला नाही. संक्रांतीला मीही तिळगूळ पाठवला नाही. हे दोनतीनदा म्हणाले, “आपण सहज जाऊन येऊ.” मी म्हटलं, “तुम्हाला जायचं तर जा, वहिनींकडे.” ते गेले नाहीत. उलट रोज गच्चीवर जाऊन टोमॅटोंना पाणी घालू लागले. मला ती झाडं बघवत नव्हती आणि यांना त्यांचा कळवळा. मुलीला मी फोनवर म्हटलं, “तुझ्या बाबांचं काहीतरी बिनसलंय.” ती म्हणाली, “आई, तुला सगळ्यांचंच काहीतरी बिनसल्यासारखं वाटतं.”

संक्रांत होऊन गेल्यावर एका सकाळी दाराची कडी वाजली. उघडते तर अक्का. एसटीनं एकट्या आल्या होत्या, हातात कापडी पिशवी. फोन नाही, निरोप नाही. मी पाणी पुढं केलं, त्यांनी ते घेतलं नाही.

“झाडं कुटं हायती?”

“वर.”

गुडघ्यावर हात टेकत, एकेका पायरीवर थांबत त्या गच्चीवर चढल्या. मी मागून. हे पेपर वाचत होते, त्यांनी पेपर खाली घेतला नाही.

वर गेल्यावर अक्का सगळ्या कुंड्यांपाशी फिरल्या. मग पिशवीतून एक पुडकं काढलं, उलगडलं, आणि त्यातला एक टोमॅटो गच्चीच्या कठड्यावर ठेवला. चपटा, फाकांचा, देठाशी हिरवा. वाटेत बसच्या धक्क्यानं एका बाजूला तडकला होता आणि त्याचा रस पुडक्याला लागला होता. त्या वासानं माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

“ह्ये माज्या दारचं,” त्या म्हणाल्या. “तुला दिलं त्याच धडप्याचं. निम्मं तुला, निम्मं मी पेरलं. आता बोल.”

“मग दार का लोटलंत?” मी विचारलं. इतके दिवस आत साठलेलं ते तसंच बाहेर पडलं.

“कुटलं दार?”

“बी देताना.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “येवढुसंच ऱ्हायलं हुतं,” त्या म्हणाल्या. “आदल्या साली करप्यानं झाडं गेली. आत्तींनी जपलेलं मी घालवलं म्हनशील, म्हनून दावलं न्हाय. आत बसून कातरीनं बराबर निम्मं करत हुते. आन् तू म्हनतीस मी बदललं?”

त्यांच्यावर विश्वास बसला असं म्हणवत नाही. कठड्यावरचा टोमॅटो खरा होता, पण माझ्या कुंड्यांतलेही खरेच होते, आणि मी दुसरं काही पेरलं नव्हतं. दोघींपैकी एक खोटं बोलत होती आणि ती मी नव्हते. अक्काही बहुतेक हाच हिशोब करत होत्या.

“ही झाडं ठेवायचीत कशाला,” मी म्हटलं आणि रागानं जवळच्या कुंडीतलं झाड खोडाला धरून उपटलं. माती भसकन सांडली. मुळांचा झुबका वर आला, आणि त्याच्या मधोमध काहीतरी तपकिरी होतं. मी बोटांनी माती झाडली. नारळाच्या काथ्याच्या भुशाचा गोळा, खाली निमुळता, वर रुंद, साच्यातून काढल्यासारखा. मुळं त्याच्यातून बाहेर फुटली होती, पण आकार तसाच होता.

मी शेजारचं झाड उपटलं. त्यालाही तोच गोळा.

मी रोपं लावली होती मातीत. काथ्याचा भुसा आमच्या घरात कधी आलाच नाही. असा गोळा येतो नर्सरीतल्या रोपांना, काळ्या ट्रेच्या खणात वाढवतात त्यांना. मी तो गोळा अक्कांपुढं धरला. त्यांनी तो बघितला, मग माझ्याकडे बघितलं. दोघींनीही एकदमच जिन्याकडे पाहिलं.

हे जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे होते. हातात चहाचे कप.

“अहो,” मी म्हटलं. “हे काय आहे?”

“चहा,” हे म्हणाले.

“भाऊजी!” अक्का म्हणाल्या.

मग सगळं बाहेर आलं. मी पुण्याला गेल्यावर बार्शीच्या एका जुन्या मित्राला हे भेटायला गेले. तिथं मुक्काम वाढत गेला. ऑक्टोबरचं ऊन, गच्ची तापलेली, पाणी घालणारं कुणी नाही. परत येऊन बघतात तर सगळी रोपं सुतासारखी वाळून कुंडीला चिकटलेली. मी फोनवर रोज विचारत होते आणि हे बार्शीत बसून “झकास” म्हणत होते.

“मग नर्सरीत गेलो,” हे म्हणाले. “म्हटलं टोमॅटोची रोपं द्या. टोमॅटो तो टोमॅटो. मला काय माहीत फाका बिका!”

“आणि फळं लागल्यावर?”

“सांगणार होतो. पण तू वहिनींवर इतकी चिडलीस की...”

“की काय?”

“की मला वाटलं, आता सांगितलं तर तेवढंच माझ्यावर येईल.”

अक्कांनी कपाळावर हात मारला. “आमी दोगी कुत्र्या-मांजरासारक्या भांडतोय, आन् तुमी वरनं पानी घालताय व्हय!”

यांनी कप कठड्यावर ठेवले, त्या फाकांच्या टोमॅटोपासून जरा लांब. मला रडू येत होतं की हसू, ते नीट सांगता येणार नाही. सासूबाईंच्या बियांतलं निम्मं बी आमच्या गच्चीवर वाळून गेलं होतं. कुणाच्या लबाडीनं नाही, नुसतं पाण्यावाचून. त्याच्यासाठी मी ज्या बाईला मनातल्या मनात चोर ठरवलं होतं, ती दुखऱ्या गुडघ्यांनी एसटी चढून आली होती, टोमॅटोंचं पुडकं मांडीवर सांभाळत.

आणि मग दुसराच विचार आला. मी यांच्याकडे वळले.

“जिन्यापाशी कढीपत्ता आहे, तो मीच लावलेला ना?”

“हो.”

“नक्की?”

“अगं, नक्की.”

“आणि मी दवाखान्यात होते तेव्हाची ती मोगऱ्याची कुंडी?”

यांनी चष्मा पुसला. “मोगरा... मोगराच आहे तो,” म्हणाले.

अक्का इतक्या हसल्या की त्यांना कठड्याला धरावं लागलं. मी मात्र हसले नाही. अजूनही त्या मोगऱ्याला पाणी घालताना मी त्याच्या बुडाशी बोट खुपसून बघते.

खाली आल्यावर अक्का जेवायला थांबल्या. भाकरी मी केल्या, चटणी त्यांनी केली, आणलेल्या बाकीच्या टोमॅटोंची. यांना वाढायचं की नाही यावर आमच्यात थोडी चर्चा झाली. शेवटी वाढली, पण चमच्यानं मोजकी. ना मी अक्कांची माफी मागितली, ना त्यांनी माझी. मधेच मी विचारलं, “अक्का, तुम्ही फोनवर हुच्ची कुणाला म्हणालात?”

त्यांनी घास चावून गिळेपर्यंत मला थांबवलं. “म्हशीला,” म्हणाल्या. “आमच्या म्हशीला मी हुच्ची म्हनते की. दावं तोडून पळती.”

म्हैस आहे हे खरं आहे. बाकीचं मी तसंच सोडून दिलं.

तडकलेला टोमॅटो अक्कांनी खाल्ला नाही. “ह्याचं बी धर,” म्हणाल्या. “पर माज्यासमोर.” मग मी पांढरं कापड आणलं आणि दोघींनी मिळून गर त्यावर माखला. मी थोडा जाड थर दिला तर त्यांनी माझा हात बाजूला करून तो पातळ केला. वाळेपर्यंत त्या राहिल्या. रोज सकाळी उठून आधी कापड जागेवर आहे ना ते बघायच्या. मीही बघायचे, त्यांच्या नंतर.

पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी मी ते पेरलं. त्या हंगामात मी पुण्याला गेले नाही, मुलगीच नातीला घेऊन इकडं आली. यांना गच्चीवर यायची बंदी होती. कपडे वाळत घालायला आले तरी मी मागोमाग जायची. निम्मीअधिक रोपं कोकड्यानं आखडली, पानं मुडपून गेली. राहिलेल्यांना फळं धरली. पहिलं फळ सुपारीएवढं झालं तेव्हाच त्याच्यावर फाका दिसल्या, आणि मी खाली मुलीला हाक मारली. जवळजवळ ओरडलेच.

एका झाडाची फळं मात्र जरा कमी चपटी होती. फाका होत्या, पण उथळ. वळसंगला अक्कांच्या शेजारी कुणी बाजारी टोमॅटो लावले असतील, माश्या इकडून तिकडं गेल्या असतील, काय घडलं असेल कोण जाणे. मी फोटो काढले, आणि यावेळी स्वतःहून अक्कांना पाठवले. त्या डोळे तपासायला सोलापूरला येणारच होत्या. आल्या, तशा आधी गच्चीवर गेल्या. त्या झाडाचं एक पिकलं फळ तोडून त्यांनी तिथंच दाबून फोडलं, अर्धं स्वतः खाल्लं, अर्धं मला दिलं. आंबट होतं. माझा डोळा मिटला.

“काय वाटतं?” मी विचारलं. “आपलंच आहे ना?”

अक्कांनी हातावरचा रस पदराला पुसला.

“चव हाय,” त्या म्हणाल्या. “पर येवढ्यावर मी व्हय म्हननार न्हाय. फुडल्या साली पेरून बगू की.”